दादाच्या पत्रासाठी टेबल

१४ जानेवारी १९२८, संक्रांत.
चांदनी स्टेशनच्या रेल्वे बंगल्यातला साहेब विलायतेला परतला. त्याच्या सामानाच्या लिलावात लिहायचं टेबल घेतलं. पन्नास वर्षं जुनं, महोगनीचं. डेव्हनपोर्ट स्टाइल: उतरतं झाकण, त्यावर हिरवं चामडं, दोन्ही बाजूंना चार-चार खण. अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुसरं नसेल.
आता यादवदादाला पत्र. गेल्या वैशाखात त्याच्या सुमनच्या लग्नात, भर पंगतीत, मी त्याला म्हणालो, तू माझा बाप नाहीस. ज्याने आईबापामागे मला वाढवलं, स्वतः नांगर धरून मला मॅट्रिक केलं, त्याला. आणि कशावरून, तर बासुंदी माझ्यापर्यंत उशिरा आली. या आठवड्यात माफी मागून मोकळं व्हायचं. सुलभा म्हणाली, तिळगूळ घ्या आणि नावेत बसा, नदीपलीकडे दादांचं जैनाबाद समोर दिसतंय. बायकोला अशा गोष्टींचं गांभीर्य नाही. माफी ही लेखीच हवी.

१९ जानेवारी.
डाव्या बाजूचे खण उघडत नाहीत. किल्ली, तेल, पेचकस, सगळं झालं. बोट चेमटलं. पत्र तूर्त तहकूब.

२१ जानेवारी, सकाळी ९.
सुकलाल मिस्त्री येऊन गेला. म्हणे, मास्तर, हिकडे खणच नाहीत, नुसत्या मुठी ठोकल्यात शोभेला. वर म्हणे, महोगनी कसली, सातपुड्याचं सागवान आहे. सुलभा तोंडाला पदर लावून आत गेली.
दुपारी ३. शाळेतल्या पुस्तकात पाहिलं. डेव्हनपोर्टची स्टाइलच तशी. एका बाजूचे खण खरे, दुसऱ्या बाजूचे खोटे. म्हणजे टेबल अस्सल! लाकडाचं सोडा, स्टाइल महत्त्वाची.

५ फेब्रुवारी.
दगा नावाड्याबरोबर दादाने भरिताची वांगी पाठवली. निरोप नाही. मला आवडतात तीच, काटेरी देठाची. उद्या पत्र. नक्की.

६ फेब्रुवारी.
"तीर्थरूप दादास, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष." इथवर उत्तम. मग वाटलं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बालक? कागद फाडला. त्या गडबडीत दौत चामड्यावर लवंडली.

२ मार्च.
सिंधीपुऱ्यातून नवं चामडं यायचंय. डाग पडलेल्या टेबलावर माफी लिहिणं बरं दिसत नाही. सुलभा म्हणे, पण दादांना वाचता कुठे येतं? म्हटलं, त्याचा गिरधर वाचून दाखवील. म्हणे, मग माफी दादांची मागताय की गिरधरची? नसते फाटे फोडायची खोड आहे तिला.

२८ मार्च.
दगा सांगून गेला, दादाला खोकला धरलाय, अंगात ताप असतो. म्हणे, "मास्तर, नदी गुडघाभर बी नही राह्यली. धोतर खोसा अन् निंघा." सध्या परीक्षेचे पेपर आहेत. शिवाय आजारपणात गेलो तर तो उगीच घाबरेल. बरा झाला की पत्र अधिक शोभेल.

२० एप्रिल.
आखाजीचा सण तोंडावर आला. चामडं बसलं. पत्राचे पहिले तीन परिच्छेद तयार आहेत. डोक्यात. कागदावर उतरायचा अवकाश.

५ मे.
सुलभा एकटीच नदी ओलांडून दादाला बघून आली. वाढताना एवढंच म्हणाली, त्यांनी विचारलं, लहाना अजून रागावलाय का माझ्यावर?
मी? मी रागावलेला? मला तर वाटत होतं, तो. ताट सारलं. पत्र राहू दे. उद्या जातोच.

६ मे, रविवार.
सकाळी सातला घाटावर होतो. चपला हातात घेतल्या, पाण्यात पाय घातला. पाणी घोट्याएवढं. मग मनात आलं, तोंडाने बोलायला गेलो आणि शब्दच फुटला नाही तर? निदान चार ओळी सोबत असाव्यात. परत आलो. टेबलाशी बसलो. ऊन फार. डोळा लागला.

८ मे.
दादा पहाटे गेला.
नदी ओलांडायला दहा मिनिटं लागली.

११ मे.
गिरधर सकाळी आला होता. म्हणाला, "काका, पाहुण्यांना कार्डं तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं, टेबल बी आहे." जाता जाता म्हणाला, बाबा महिनाभर खाट नदीकडे तोंड करून टाकायला लावत होते. मी काही विचारलं नव्हतं. त्याचं त्यानेच सांगितलं.
टेबलाशी बसलो. वर श्री नाही, कोपरा फाडलेला, अशुभ पत्राची रीत. "आमचे वडील बंधू यादवराव..." एकतीस कार्डं. कुठे अडलो नाही, एकही खाडाखोड नाही. दुपारच्या आत सगळी झाली. मग मात्र फार रडू आलं.
सुलभा कार्डं न्यायला आली. तिला म्हटलं, मी रागावलो नव्हतो गं.
म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग.