दर शनिवारी एक बाटली

२ मे, शुक्रवार

आज पडवीखाली मांजराएवढा स्कंक शिरला आणि शेपूट वर करून घाण फवारून गेला मेला. अख्ख्या गल्लीने खिडक्या लावल्या. समोरून लोर्ना नाक धरून ओरडली — "आर्डिस, तुझ्या घरात कोण मेलं गं?" आणि आमचा डेलबर्ट गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून निवांत. मला म्हणतो, "खिडक्या कशाला लावतेस? हवा किती छान सुटलीय."

जानेवारीतल्या तापाने नवऱ्याचं नाक नेलं. नाकाबरोबर चवही गेली. डॉक्टर म्हणतात, परत येईलही, नाहीही. अशा बोलण्याचं माणसाने करायचं काय?

सगळा जन्म ह्याने दुधाची गाडी चालवली. गोठ्यावर गेलं की आधी टाकीचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, मगच नळी जोडायची. दुधाला जरा वास आला तर एवढंच म्हणायचा — "हे मी नाही नेणार." शेतकरी चडफडायचे, पण त्या नाकाशी कुणी वाद घातला नाही.

३ मे, शनिवार

सकाळी त्याने नासलेलं दूध कॉफीत ओतलं आणि प्यायला. डेलबर्टने! मी मोरीपाशी जाऊन रडले.

९ मे, शुक्रवार

लोर्नाच्या बारमध्ये आज तळलेले मासे. डेलबर्ट नाही आला. "कशाला? गरम पुठ्ठा चावायला?"

मी एकटी गेले. लोर्ना म्हणाली, "गाडीवर होता तेव्हा ज्या गावात दिवस संपायचा त्या गावची बिअर प्यायचा ना हा? मग आण की शोधून. तीच जीभ आहे, ओळख देईल." खरंच आहे. टीव्हीवर घोडागाड्या नाचवत झळकणाऱ्या त्या तीन-चार बड्या बिअरना हा कधी शिवला नाही. म्हणायचा, त्यांना कुठल्याच गावचं पाणी नाही. आणि विस्कॉन्सिनात अजून कितीतरी लहान ब्रुअऱ्या तग धरून आहेत. आपली बिअर चार गावांपलीकडे नेत नाहीत, जाहिरात करत नाहीत, रिकाम्या बाटल्या परत घेतात — म्हणून तर स्वस्त. लोर्ना म्हणते, "जाहिरातीतल्या घोड्यांच्या चाऱ्याचे पैसे आपण का भरायचे?"

दर शनिवारी एक गाव. एकच बाटली. ठरलं.

१० मे, शनिवार

धुक्यातून गाडी चालवली. रस्ता दिसत नव्हता, पण मक्याची शेतं दोन्ही बाजूंनी बरोबर चालल्यासारखी वाटत होती. गाव यायच्या आधी त्याचा वास आला — उकळत्या जवाचा, ओल्या पावासारखा. मी काच खाली केली आणि दोघांच्या वाटचा वास घेतला.

संध्याकाळी पायरीवर बसून अर्धी अर्धी प्यायलो. सोनेरी, हलकी, शेवटी किंचित गवताळ. मला फार आवडली.

"कशी आहे?"

"पाणी."

२४ मे, शनिवार

आजची गडद. करपलेल्या पावाच्या कडेची चव. डोळे मिटून त्याने घोट तोंडात घोळवला. माझा जीव टांगणीला.

"थंड पाणी," म्हणाला. मग माझा चेहरा पाहून — "चांगलं थंड."

मेला, वर समजूत घालतो माझी.

१ जून, रविवार

डेलबर्टला स्वप्नात वास येतात! आज सहज बोलून गेला. ओल्या गवताचा, गाईच्या पाठीचा, कुठल्याशा गोठ्यातल्या रेडिओमागच्या धुळीचासुद्धा. "मग जाग येते," म्हणाला, "आणि सगळं पुसलेलं." किती दिवस हा माणूस सकाळी उठून नुसता छताकडे बघत पडतो, आणि मला वाटायचं आळस वाढला.

१३ जून, शुक्रवार

उद्या कुठे जायचं ते विचारलं, तर म्हणाला, "पुरे आता, आर्डिस. तू दर शनिवारी मला बाटलीतून दाखवतेस की काय काय गेलं. मला नाही बघायचं."

मला राग आला. मग तो बरोबर आहे असं वाटलं, आणि आणखी राग आला.

अंगणात काजवे चमकू लागले. शेवटी म्हणाला, "एक राहिली. उत्तरेकडची, हिरव्या बाटलीतली. गाडी पहिल्यांदा एकट्याने नेली, त्या दिवशी प्यायलो होतो. ती आण. तिचीही चव नाही लागली तर विषय संपला. मग मला सुखाने गॅरेजमध्ये बसू दे."

२८ जून, शनिवार

देवा, काय करून बसले मी.

शोधण्यात दोन आठवडे गेले, पण ब्रुअरी अजून आहे, एका तळ्याकाठी. बाटली अजून हिरवी. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "गुंडाळून देऊ?" मी म्हटलं, "नको हो, आम्ही काय नवखे आहोत?" परतताना तळ्याशी गाडी उभी केली. पाणी इतकं संथ की आभाळ त्यातच असल्यासारखं. वाटलं, दोन मिनिटं डोळे मिटावे. आणि बाटली गाडीच्या पुढच्या काचेपाशी, भर उन्हात! हिरव्या काचेतून ऊन लागलं की बिअरचं मातेरं होतं, थेट स्कंकसारखी घाण मारते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. त्याचं तरुणपण पाहायचं म्हणून मीच ती हौसेने समोर ठेवली होती.

जाग आली तेव्हा बाटली चहासारखी गरम. टोपण काढून बघायचा धीर झाला नाही. परत फिरले, तर ब्रुअरीला कुलूप.

घरी खोटं सांगितलं — "बंद होती, पुढच्या शनिवारी जाते." तो म्हणाला, "नको. जाऊ दे." इतक्या हळू म्हणाला की भांडताही येईना. बाटली गॅरेजमध्ये फळीवर ठेवली. कोबीला गोगलगायी लागल्यात, उद्या बशीत ओतीन त्यांना, वासाला भुलून येतात आणि बुडून मरतात.

२९ जून, रविवार

मी कोबीच्या वाफ्यात वाकलेली. मागे टोपण उडाल्याचा आवाज झाला. बघते तर गॅरेजच्या दारात डेलबर्ट, हातात हिरवी बाटली. "आणली होतीस की," म्हणाला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने जुन्या सवयीने आधी नाक लावलं — आणि तोंड वाकडं करून बाटली हातभर लांब धरली.

"हे मी नाही नेणार."