धाकटीच्या गावचा रेडिओ

३ मार्च, सोमवार
जुना रेडिओ गेला. मुलाने कानाशी धरून हलवला, आत काहीतरी खुळखुळलं. म्हणाला, आई, याचं आयुष्य संपलं. हे माझ्याकडे बघत म्हणायची गरज नव्हती.
सुनेने तिचा जुना मोबाइल दिला, त्यात रेडिओचं अ‍ॅप घालून. मी म्हटलं, मला नकोत असली थेरं. मग शिकून घेतलं, तिला वाईट वाटू नये म्हणून. चौथी शिकलेल्या बाईला चहा उकळेपर्यंत जमलं. मुलगा अजून टीव्हीचा रिमोट उलटा धरतो.

४ मार्च
यात जगभरची स्टेशनं आहेत. बोट सरकवत होते तर धाकटीच्या गावचं लागलं. सून म्हणाली, शोधलंत का? मी म्हटलं, लागलं.
धाकटी म्हणजे माझी बहीण. तिने आईचं शिलाई मशीन मला न विचारता भंगारात दिलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही, सहाएक वर्षं झाली. मला त्याचं काहीच नाही. स्टेशनचा आवाज स्वच्छ आहे, म्हणून राहू दिलं.

६ मार्च, गुरुवार
दर गुरुवारी दुपारी तिथे लोक फोन करून गाणं सांगतात. कोणासाठी, तेही सांगतात. रिकामटेकडे. तिसरा फोन धाकटीचा. आवाज अजून तसाच, पत्र्यावर चमचा पडल्यासारखा. म्हणाली, माझ्या ताईसाठी लावा. हट्टी आहे, पण कान आहेत तिला. रेडिओवाला हसला. त्याला हसायला काय झालं?
गाणं माझ्या आवडीचं होतं. पूर्ण ऐकलं, वाया जाऊ नये म्हणून. हे स्टेशन पुन्हा लावणार नाही.

७ मार्च
लावलं. बाकीच्यांवर जाहिराती फार.

९ मार्च, रविवार
मोठा शोध लागला. पडद्यावर दोन उभ्या काठ्या आहेत. त्या दाबल्या की रेडिओवाला बोलता बोलता थांबतो. पुन्हा दाबलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू. इतका अदबशीर पुरुष मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आमचे हे, गेले बिचारे, पण चाळीस वर्षांत एकदाही माझ्यासाठी बोलणं थांबवलं नाही.
आता दूधवाला आला की काठ्या. खालची शिंपीण गप्पा मारायला वर आली की काठ्या. रात्री झोपतानाही दाबून ठेवते. त्यालाही झोप हवी.

१२ मार्च
सकाळी चहा घेताना रेडिओवाला म्हणाला, शुभ रात्री. धाकटीच्या गावात दिवस उशिरा उगवतो वाटतं. गाव आळशीच, तिला शोभतं. शिंपिणीला सांगितलं, तर म्हणते, मावशी, बसने चार तासांवर गाव, तिथे काय दुसरा सूर्य आहे? मी म्हटलं, तू बाह्या सरळ लाव आधी.

१५ मार्च, शनिवार
धाकटीच्या गावातला गुरुवार आज आला. फोनवर पुन्हा तीच. म्हणाली, घर सोडतेय. मुलीकडे जाणार, लांब. पुढच्या शुक्रवारी सकाळी निघणार, त्याच दिवशी इथला फोन कायमचा बंद. तोवर फोनजवळ बसून आहे. ताई ऐकत असेल तर तिला कळू दे. नंतर शोधत बसू नकोस म्हणावं.
नंबर मला पाठ आहे. पाठ असणं म्हणजे फिरवणं नव्हे. पहिल्या हाकेला धावायला मी काय लिफ्ट आहे?

१८ मार्च
पक्का बेत. फोन करायचा, पण शेवटच्या दिवशी, रेडिओवाला गुरुवार म्हणेल तेव्हा. तोवर बसू दे तिला फोनजवळ. शिंपीण म्हणाली, मावशी, आत्ताच करा ना, मुहूर्त बघताय का? मी म्हटलं, घसा बसलाय. पाऊण तास तिच्याशी बोलून हे सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार
हा आपला शुक्रवार. तिच्याकडे अजून रविवारच चाललाय, रेडिओवर सुट्टीची गाणी आहेत. घाई नाही. काय बोलायचं ते ठरवलं. आधी मशीन. मग गुडघे कसे आहेत. मग पुन्हा मशीन. म्हणजे तिला वाटायला नको, मी विसरले.

२६ मार्च, बुधवार
रेडिओवाला एकदाचा म्हणाला, आज गुरुवार. केस विंचरले. फोनवर दिसत नाही, ठाऊक आहे. नंबर फिरवला. एक बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा फिरवला. तीच बाई, तेच उत्तर. गोड बोलते, पण हट्टी.
सून नाइट ड्युटीवरून आली. विचारलंन काय झालं. सांगितलं. मोबाइल हातात घेऊन बघत राहिली, मग बूट न काढताच माझ्या पलंगावर बसली. म्हणाली, आई, तो थांबत नाही हो. तिकडे तो बोलतच असतो. हे अ‍ॅप सगळं साठवून ठेवतं, आणि तुम्ही काठ्या दाबाल तेवढ्या मागे राहता. आज तिकडेही बुधवारच आहे. मावशी गेल्या शुक्रवारीच मुलीकडे निघून गेल्या.
मी म्हटलं, पण तो त्याच शब्दापासून सुरू करतो. म्हणाली, हो, करतो.
हसली नाही. हसली असती तर दोन शब्द सुनावता आले असते.

२६ मार्च, संध्याकाळ
अ‍ॅपच खराब आहे. मुलगा म्हणाला, मावशीच्या मुलीचा नंबर कोणाकडे तरी असेल. कोणाकडे? असता तर मीच नसता का ठेवला?
मशीनची सुई तशीही अडकायची.

२७ मार्च, गुरुवार
सुनेने रेडिओ ‘आत्ता’वर आणून दिला. मी स्वतः त्या कार्यक्रमाला फोन लावला. बोट दुखेपर्यंत लावला तेव्हा लागला. समोरासमोर रेडिओवाला अजिबात थांबत नाही. पटकन सांगा आजी, कोणासाठी? मी म्हटलं, धाकटीसाठी. हट्टी आहे, पण कान आहेत तिला. मग माझा नंबर सांगायला लागले. म्हणाला, नंबर रेडिओवर देता येत नाही. मी दोनदा दिला.
गाणं ऐकलं नाही. रेडिओ बंद केला, फोन मोकळा राहावा म्हणून. मोबाइल मांडीवर घेऊन बसले. चार्जरची वायर पुरेना, म्हणून खुर्ची भिंतीला नेली.

दिवे लागले
फोन नाही. शिंपीण आली, गप्पा न मारता चहा ठेवून गेली. तिलाही जमतं तर. सून म्हणाली, आई, जेवून घ्या. म्हटलं, तुम्ही बसा.
धाकटीच्या मुलीकडे हे अ‍ॅप असणारच. पण धाकटीला दर तासाला चहा लागतो. उठताना काठ्या दाबून गेली असेल. माझीच बहीण ती. तिचा गुरुवार अजून यायचाय.