एका खाचेची ड्राइव्ह

७ मार्च
रक्त थांबलं. कालपासून एक थेंब नाही. डॉ. बाई म्हणाल्या, वार म्हणजे प्लासेंटा खाली आहे, बाळ ठीक. आता सक्त बेडरेस्ट. "बाथरूमपुरतंच उठायचं, मानसी. टेबलापाशी बसणं बंद." मागच्या वेळी असंच सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं होतं. या वेळी दुसरा दिवस नीट उजाडला. खाली टँकर आलाय, बायकांची भांडणं चालू आहेत. ऐकत पडलेय. बरं वाटतंय.

निरंजनला शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्टी नाही. वैजापूरहून सासरे येणार, म्हणजे मामा. आजवर आमचं बोलणं "चहा झाला का" एवढंच. कसं होणार...

९ मार्च
मामा आले. पिशवीभर कांदे. कोपऱ्यातला काचेचा कॅबिनेट दिसलाच त्यांना.
"हे काय?"
"कॉम्प्युटर. मीच जुळवतेय. गेम खेळायला."
"कुणाला खेळायला?"
"मला."
मामांनी आत जाऊन पिठलं केलं. लसूण करपला होता. मी सगळं खाल्लं.

१२ मार्च
पडल्या पडल्या फोनवर ड्राइव्हची माहिती वाचतेय. बाकी सगळं बसवून झालंय, तेवढीच राहिली. कॉलेजातली जुनी हार्ड डिस्क आहे, पण गेम उघडेपर्यंत चहा करून यावा. शिवाय आता कट कट आवाज करते. नवी कितीची घ्यावी? पाचशे जीबी की एक टीबी? बोर्डावर जागा एकच, एकदाच काय ते ठरवायचं. दुसरं काही डोक्यात येऊ नये म्हणून तेच तेच वाचते, हेही खरं.

मामा दारात. "दिवसभर मोबाइलात काय बघायलीस?" सांगितलं. गेम काय असतो तेही. गाव वसवायचं, शेत करायचं, नदीवर बांध घालायचा.
"तिथं पाऊस पडतो का?"
"पडतो. लई."
हसले. पहिल्यांदाच. मग म्हणाले, "मोठीच घे. आणि बाळाचे फोटो त्या खेळाच्या डब्यात ठिवू नको. खेळ बिघडला तर फोटो बी जायचे." बरोबर बोलले. म्हणजे खेळाला नवी एक टीबी, फोटोंना वेगळी, बाहेरून जोडायची ड्राइव्ह, नंतर. कट कट करणारी कशालाच नको. ठरलं.

१४ मार्च
नि. म्हणाला रविवारी आणतो. मामा म्हणाले, "मी जातो की. पैठण गेटचा बाजार मला नवीन हाय का?" मी चिठ्ठी देते म्हटलं, तोवर जिना उतरले होते.

दुपारी घामाघूम होऊन परत. डबी उघडली. तीच लांबी, तोच पातळपणा, पण टोकाला खाचा दोन. मला एका खाचेची हवी होती. दोनवाली बसते नीट, पण माझ्या बोर्डाला दिसतच नाही. एवढीशी गोष्ट. आणि मला रडू फुटलं, थांबेचना. मामा धावत आले. तोंड पांढरंफटक.
"रक्त आलं का? गाडी बोलवू?"
"नाही मामा. ड्राइव्ह चुकीची आहे."
पलंगाशी खालीच बसले. "एवढंच? आगं जीव गेला माझा." बराच वेळ डोकं धरून बसले होते. मग म्हणाले, "मागच्या टायमाला फोन करणार होतो. काय बोलावं कळंना. बाई असती तर ती बोलली असती." बाई म्हणजे सासूबाई. मी त्यांचा हात धरला. असं कधी केलं नव्हतं. हलकं वाटलं.

१५ मार्च
बदलून आणायला गेले. शुक्रवार, दुकान नमाजासाठी बंद. मामा फोन उचलेनात. बाहेर ऊन भयंकर. नाही नाही ते मनात. शेवटी दुकानातूनच फोन, दुकानदार झहीरभाईंचा. "भाभी, चाचा पतलीवाली बोले, मैं पतलीवाली दिया. अब्बी बदलके देतूं. चाचा पायरीपेच बैठे थे, अंदर बिठाया." मागून मामांचा आवाज, "खाच एकच पाहिजे, एकच! मी मोजून घेणार." इतकी हसले की पोट धरावं लागलं. मग घाबरून हसणं थांबवलं. काही झालं नाही.

१७ मार्च
नि. झोपलेला. मामांनी बसवली, मी उशीवरून सांगत होते. "तिरकी घाला. आता दाबा. हळू." बारका स्क्रू पडला, पलंगाखाली गेला. मामा टॉर्च घेऊन आडवे. "घावला!" चालू केलं. पडद्यावर ड्राइव्हचं नाव. दिसली! मामांनी कॅबिनेटवर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. मग बंद करून झाकून ठेवलं. मला बसायची परवानगी नाही तोवर खेळ नाही.

१३ एप्रिल
सोनोग्राफी. डॉ. बाई पडदा स्वतःकडे वळवून मापं घेत राहिल्या. मी छताकडे बघत होते. मग, "वार वर सरकली, मानसी." निरंजननं ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. बाहेर आल्यावर मामांना सांगितलं, तर म्हणाले "व्हय?" आणि पाणी प्यायला म्हणून तिकडं गेले. बराच वेळ आले नाहीत.

बसायला, हिंडायला परवानगी. जपून. बाळंतपण कसं होईल ते पुढच्या तपासणीत बघू म्हणाल्या. भीती गेली असं नाही. पण आज तिला जरा लांब बसवलंय.

आता हे टेबलापाशी बसून लिहितेय. गेम डाउनलोड होतोय, शहराच्या टोकाला आमच्या सातारा परिसरातलं नेट, सावकाश. मामांची बॅग दाराशी तयार, वैजापूरची गाडी गाठायची होती. येऊन पडद्याकडे बघत उभे राहिले.
"अजून किती येळ लागंल?"
"उद्या दुपार होईल, मामा."
"असं." बॅग उचलून आत नेली. "फोटोवाली ड्राइव्ह बी राहिलीच हाय अजून."