खड्ड्यातला नळ

॥ श्री ॥

घाटकोपर,
११ मार्च १९८४

ती. नंदूदादास,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

कांदिवलीचं डोहाळजेवण आटपून मी आईकडे आले त्याला पंधरवडा झाला. सासूबाई म्हणत होत्या की बाळंतपण तिथेच करू. आई ऐकेना. पहिलं बाळंतपण माहेरीच, नाहीतर लोक म्हणतील बाप नाही म्हणून पोरीला आणली नाही. हे दर रविवारी कांदिवलीहून येतात आणि आईसमोर पाहुण्यासारखे कडेला बसून चहा पिऊन जातात.

चाळीत तुझं नाव अजून 'तोडणारा' आहे. गेल्या वर्षी पाणीखात्यात घाटकोपर तुझ्या हाताखाली होतं तेव्हा तू इथले सगळे चोरीचे नळ तोडलेस, बाबांचा तेवढा ठेवलास. लोकांनी आईशी बोलणं टाकलं. तुझी बोरिवलीला बदली झाली तेव्हा कोणीतरी पेढे वाटले म्हणतात. आपल्याला मिळाले नाहीत. आता आईने बाबांचा नळ सगळ्यांना मोकळा केलाय, तेव्हापासून चार माणसं दारात येतात. तू दिसलास की पुन्हा बंद होतील. म्हणून म्हणते, इतक्यात येऊ नकोस.

नळ आठवतो ना? चार पायऱ्या उतरून, खड्ड्यात. तुझा चावीवाला धाकू पहाटे पाचला रस्त्यावरची चावी उघडतो, सातला बंद करतो, आणि अख्खी वाडी त्याच्या मनगटावर जगते. बाबांचा नळ मात्र धाकूला जुमानत नाही. भर दुपारीसुद्धा करंगळीएवढी धार असते. आई म्हणते, बाबा गेले पण हात आखडता घेतला नाही.

खालच्या रांगेत दोन मुलांना कावीळ झालीय. बाकी ठीक. वहिनींना नमस्कार. मामा होणार आहेस, तेव्हा आतापासून थोडं हसायला शीक.

माया आहे तेवढी असू दे, तिच्यावर चावी लावू नकोस.

तुझी,
सुगंधा


॥ श्री ॥

बोरिवली,
१५ मार्च १९८४

चि. सुगंधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उशिरा वाचलं. इथे मोठी लाइन दोनदा फुटली, माझी माणसं खड्ड्यातच जेवतात. साहेब ऑफिसातून विचारतात की पाणी कधी, लोक रस्त्यावर विचारतात की पाणी कधी. दोघांना मी एकच उत्तर देतो आणि दोघेही मला खोटारडा समजतात.

काविळीचं वाचून बरं वाटलं नाही. पाणी उकळून पी. वीस मिनिटं, नुसती वाफ येईपर्यंत नव्हे. पाचला पाणी येतं तेव्हा पहिली धार गढूळ असते का, वास येतो का, ते पाहून लिही. कुठेतरी गटाराचं पाणी नळात शिरत असणार. ते शिरतं पाणी बंद असताना. चालू पाण्याला जोर असतो, तो घाण आत येऊ देत नाही. शक्य असेल तर कांदिवलीला परत जा. आईला सांग, मी सांगितलं म्हणून.

बाबांच्या नळाचं वाचून हसू आलं. गिरणीची पाळी संपवून आले की पहार घेऊन बसायचे. मी घमेल्याने माती वर ओढायचो. नळ त्यांच्यासारखाच निघाला, सुट्टी झाली तरी काम सोडत नाही.

जपून राहा आणि मला विसरू नकोस, एवढंच.

तुझा दादा


॥ श्री ॥

घाटकोपर,
२४ मार्च १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंस ते पाहिलं. पाचची धार क्षणभर गढूळ असते, मग काचेसारखी. वास नाही. तुझ्या जागी आलेले साहेब माणसं घेऊन आले होते. रस्त्यात दोन ठिकाणी खणलं, पहाटे सहाला बाटलीत पाणी भरून नेलं. पाणी चांगलं आहे असं कळवलं. तरी आता निम्म्या चाळीला कावीळ आहे. खालच्या रांगेतल्या अनुपमाचा मुलगा गेला.

कांदिवलीचं नाव काढलं की आई जेवत नाही. माझं पाणी ती उकळते, रॉकेलच्या रांगेत स्वतः उभी राहते. पण तेवढ्यावर तिचं समाधान नाही. गावाहून तिने काविळीची मुळी मागवली आहे. ती पहाटे उपाशीपोटी घ्यायची, चूल न पाहिलेल्या पाण्यातून, आणि पाणी ताजं हवं, आदल्या दिवशी भरलेलं चालत नाही. चावी उघडायच्या आधी ताजं पाणी एकाच नळाला असतं. त्यामुळे पहाटे सगळी चाळ भांडी घेऊन आपल्या खड्ड्याशी. आई पायरीवर बसून एकेकाला मुळी उगाळून देते. दादा, जी माणसं तिला पाहून तोंड फिरवत होती ती आता तिच्या पाया पडतात. बाबा गेल्यापासून तिला इतकी ताठ बसलेली मी पाहिली नव्हती.

कावीळ होऊ नये म्हणून मीही घेते. फार कडू आहे. थोडं मळमळतं, पण आठव्या महिन्यात कोणाला मळमळत नाही?

लवकर लिही. तुझं रागावणंसुद्धा चालेल.

सुगंधा


॥ श्री ॥

बोरिवली,
२८ मार्च १९८४

ती. आईस,
नंदूचा सा. न.

काल मी धाकूला घेऊन आलो तो नळ तोडायलाच, हे खरं आहे. बायका पायऱ्यांवर बसल्या, तू खाली नळाला धरून बसलीस. म्हणालीस की लोकांचे तोडून पोट भरलं नाही म्हणून आता बापसाच्या हाताला करवत लावायला आलास. वरून कोणीतरी दगड मारला. त्या गलक्यात मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

रस्त्यावरची चावी बंद असते तेव्हा त्या नळाला पाणी असूच शकत नाही. दुपारी आणि पहाटे जी धार येते ती आमच्या लाइनची नाही. नळी सरळ जावी म्हणून बाबांनी ती गटाराच्या कुंडीतून नेली होती. गेल्या वर्षी मी त्या कुंडीत उतरलो होतो. नळीला गंज धरू लागला होता. बाकीचे नळ तोडले त्याच दिवशी तोही तोडायचा होता. वळणावर बाबांच्या पान्याचे दात उमटलेले दिसले आणि मी वर आलो.

आता गटार तुंबलं की ते गंजाच्या भोकांतून त्या नळीत झिरपतं, म्हणून दिसायला निवळ दिसतं, आणि नळ खड्ड्यात असल्यामुळे तिथेच उतरतं. पाच ते सात पाण्याला जोर असतो, तेव्हा काही कळत नाही. साहेबांनी बाटली तेव्हाच भरली. दुपारच्या धारेचं सुगंधाने पहिल्याच पत्रात मला लिहिलं होतं. मी हसलो.

मुळी द्यायची तर दे, पण त्या पाण्यातून नको. सुगंधाला उन्हात उभी करून तिचे डोळे पाहा. मी काल पाहिले. पोटुशी बाईला ही कावीळ सोसत नाही, डॉक्टरांना विचारून लिहितो आहे. तुझ्या पाया पडतो, आई. नळावरून ऊठ.

नंदू


॥ श्री ॥

घाटकोपर,
४ एप्रिल १९८४

दादा,
नमस्कार.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मधेच ती उठून गेली, पुन्हा येऊन बसली. विचारलं, माझ्या हाताने मी लोकांना गटार पाजलं असं लिहिलंय का. मी म्हटलं, तसं नाही लिहिलं. ती म्हणाली, तसंच लिहिलंय. पहाटे पुन्हा पायरीवर जाऊन बसते. तिला थांबता येत नाही. थांबली तर अनुपमाचा मुलगा तिच्या पदरात येतो.

धाकू तुझ्या जागेवरच्या साहेबांकडे गेला होता. ते म्हणाले की चाळीत तोडायचा नळ उरलेलाच नाही, गेल्या वर्षी सगळे तोडल्याचं तू लिहून दिलं आहेस. नसलेला नळ तोडायला ते पोलीस कशाला मागवतील?

मी ते पाणी सोडलं आहे. पण आता नखंही पिवळी दिसतात. उद्या हे मला इस्पितळात नेणार. बाळ हलतं, संध्याकाळी जास्त. तुझ्यासारखंच आहे, बाकीचे थकले की कामाला लागतं.

आईवर चिडू नकोस. मला भीती वाटते, दादा. हे तिला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते.

सुगंधा


॥ श्री ॥

बोरिवली,
९ एप्रिल १९८४

चि. सुगंधास,
आशीर्वाद.

आज मी ऑफिसात लिहून दिलं की गेल्या वर्षी एक नळ मी जाणूनबुजून सोडला आणि तो माझ्या बापाचा होता. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं की परत घेतोस का. नाही म्हटलं. आता तो नळ आहे असं ठरलं, म्हणजे तोडता येईल. नोकरीचं पुढे पाहू.

काल इस्पितळात तुला हाक मारली. तू ओ दिलीस, पण मला बाबा म्हणालीस. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. बारा वर्षं रस्त्यावर उभा राहून मी लोकांना हेच सांगत आलो. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं हे मला माहीत नव्हतं.

शुद्धीवर आलीस की हे वाच आणि मला मनसोक्त शिव्या घाल. मुलगी झाली तर नाव तू ठेव, मुलगा झाला तर मी ठेवीन. भांडायचं असेल तर बरी होऊन भांड.

बरी हो. दुसरं मागणं नाही.

दादा


घाटकोपर,
२ मे १९८४

चि. नंदूस,
आईचा आशीर्वाद.

वर श्री लिहिला नाही. सुतक फिटलं, पण हात वळत नाही.

तुझं शेवटचं पत्र सुगंधा गेल्यावर जावयांनी मला आणून दिलं. तिच्या उशाशी होतं, फोडलेलं नव्हतं. मी वाचलं. दहाव्याला कावळा शिवेना. तू पुढे होऊन काहीतरी पुटपुटलास, मग शिवला. काय कबूल केलंस ते मला सांगितलं नाहीस. माझ्याकडे न बघता गेलास. बरोबर केलंस.

तुमची माणसं नळ तोडायला आली तेव्हा कोणी आडवं आलं नाही. धाकूने करवत लावली तेव्हा नळी मी धरली. कापल्यावर जे आलं ते मी पाहिलं. मग सगळ्यांना बोलावून दाखवलं, अनुपमालाही. ती बघून घरी निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. खड्डा बुजवला. पायऱ्यांचे दगड कडेला पडले आहेत, त्यांवर कोणी बसत नाही.

चेडू, सुगंधाची मुलगी, माझ्याकडे आहे. कांदिवलीला जावयांची म्हातारी एकटी, एवढासा जीव तिला झेपत नाही. डॉक्टर म्हणतात, जगेल. डब्यातलं दूध पाजायचं, ते कालवायला पाणी लागतं. तुझ्या जागेवरचे साहेब स्वतः सांगून गेले की आता पाणी चांगलं आहे. धाकूने माझ्यासमोर तांब्याभर पिऊन दाखवलं. तू लिहिलं होतंस तसं मी वीस मिनिटं उकळते, गाळते, थंड करते. वाटी तिच्या तोंडाशी नेली की हात पुढे जात नाही. शेजारची जानकी येऊन पाजून जाते. ती नसली की पोर रडत राहतं आणि मी वाटी धरून बसते.

तुझी नोकरी राहिली का, कोणी सांगत नाही. ती राहो न राहो, तू ये. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. येताना पाणी घेऊन ये, बोरिवलीचं, तुझ्या हाताने भरलेलं. तांब्याभर असलं तरी चालेल, झाकून आण. तिला थोडंच लागतं.

नाव अजून ठेवलेलं नाही.

मी वाट बघतंय.

तुझी आई