एका गालातलं हसू

प्रिय चिमणे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आई बाबांची वकिली करतेय असं वाटून पत्र इथेच मिटू नकोस. संशय मलाही आला होता, आणि माझा तुझ्याहून हट्टी आहे.

त्या संध्याकाळी तू त्याला घरी आणलंस, 'आम्ही लग्न करतोय' म्हणालीस, आणि बाबा एका गालात हसले. शिवाय मामाकडे बघून डोळा मारला. तू पाहिलंस, मीही पाहिलं. लिफ्ट दुरुस्त करणारा जावई म्हटल्यावर 'म्हणजे जन्मभर खाली-वर' असं ते आधी बोलून बसलेच होते, त्यामुळे आपण दोघींनी एकच अर्थ लावला. तू भरल्या ताटावरून उठलीस. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला फोन केला, तर शब्द ओठांतून सांडत होते. 'पिऊन बोलू नका, बाबा,' म्हणून तू फोन ठेवलास. मग मी त्यांचा पेला हुंगला. पाणीच होतं. तरी शिवणाच्या खोलीतलं कपाट उघडलं, ताग्यांमागे हात घालून चाचपलं. काही सापडलं नाही, याचाच राग आला.

खरं तर सगळं डोळ्यांसमोर होतं. टाचण्या ओठांत धरून काम करायची त्यांची सवय तुला माहीत आहे. त्या दिवशी ओठांच्या एका कोपऱ्यातून टाचण्या गळत होत्या. चहाचा ओघळ हनुवटीवर. 'जेवणाला चव नाही' म्हणाले, मला तो रुसवा वाटला. मशीनचा आवाज डाव्या कानात घुसतोय, कानामागे ठणकतंय म्हणाले, तर मी म्हटलं, नाटकं पुरे.

पुढच्या सकाळी चूळ भरायला गेले आणि पाणी सगळं शर्टावर. आरशात डावी बाजू ओघळलेली. मला वाटलं, मेंदूचा झटका. तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी भुवया उचलायला सांगितल्या. उजव्या कपाळावर आठ्या, डावं इस्त्री केल्यासारखं सपाट. हातपाय धड होते. चेहऱ्याची नस सुजली आहे, म्हणाल्या; झटक्यात सहसा कपाळ हलतं. तो 'सहसा' मी दोनदा विचारून घेतला. नेमकं का झालं ते सांगता येत नाही, पण मधुमेह, रक्तदाब असेल, नुकताच सर्दी-ताप येऊन गेला असेल, तर धोका जास्त; गरोदर बायकांनाही. ह्यांचा सर्दी-ताप आपण पाहिला होता. साखर तपासली, तर तीही चढलेली. ती आधीपासून आहे हे ह्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं! म्हणजे संशयाला खाद्य मिळालंच. औषध मात्र वेळेत सुरू झालं. डावा डोळा मिटत नाही, झोपताना मी पट्टी लावून बंद करते. पापणी लवली की उजवीच लवते. समोरच्याला वाटतं, डोळा मारला.

डोळ्याचं उत्तर मिळालं. हसण्याचं काय? आजार कुणाला हसवत नाही. डावा गाल नसेने अडवला असेल, उजवा तर त्यांनीच हलवला. हे मनातून जाईना. शेवटी विचारलं, खरं सांगा, हसलात कशाला? तर म्हणाले, 'त्याच्या कोटाची बाही नाही बघितलीस? स्वतःच दुमडून शिवलीय. टाका वाकडा, पण गाठ पक्की. म्हटलं, पोरगं आपल्यातलं निघालं.' माझा लगेच विश्वास बसला नाही. मला गप्प करायला रचलं असेल, असंही वाटलं. तू आधी पाठवलेला तुमचा दोघांचा फोटो, त्याच कोटातला, भिंगाखाली धरला. बाहीवर टाके आहेत, चांगलेच वाकडे. पण टाके दिसले म्हणून हसू चांगलंच होतं हे सिद्ध होतं का? मी मानायचं ठरवलंय, इतकंच.

नोंदणीच्या दिवशी आईने एकटीने यावं, असा तुझा निरोप मामाकडून मिळाला. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतो, पण तुझ्या तारखेपर्यंत सुधारेलच अशी हमी कुणी देत नाही. बाबा म्हणतात, 'फोटोत मी कुत्सितच दिसणार, तू जाऊन ये.' मी एकटी येणार नाही. ही धमकी आहे का, हे मी स्वतःला विचारलं, थोडी आहेच. आम्ही दोघं आलो, तर तुझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत एक माणूस एका गालात हसताना दिसेल, आणि कदाचित डोळाही मारताना. चालेल तुला? एवढं विचारायला हे पत्र. उत्तर मामाबरोबर नको. फोन कर, आणि तो त्यांच्या हातात द्यायला सांग. शब्द अजून सांडतात. तेवढे ऐकून घे.

तुझीच, पुरती खात्री कधीच न होणारी,
आई