चार कामं सोडलेला मुलगा

१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाय,

तू आणि पप्पा बरी असाल. मीही बरा आहे. बुटांनी सोललेल्या टाचा आता भरल्या. फोन रविवारी मिळतो, पण मागे रांग उभी असते, म्हणून हे पत्र. पप्पांना वाचून दाखवू नकोस.

इथे एक नवीन प्रकार चालू आहे. सैन्यात भरती झालेल्यांतला कोण ट्रेनिंग अर्ध्यावर सोडून घरी जाणार, हे आधीच ओळखता येतं का, ते तपासतायत. आल्या आल्या प्रश्न दिले: झोप कशी लागते, मित्र किती, वर्षभरात किती कामं सोडली. उत्तरांवरून ज्यांच्याबद्दल शंका आली, त्यांना मानसशास्त्राच्या मॅडम दर बुधवारी बोलावतात. त्यात मी. शेजारच्या खाटेवरचा वालावलचा प्रीतम म्हणाला, "तुका घराक धाडतले रे. तुज्या गावचे, तोंडवलेचे बांगडे वाट बघतत तुजी."

मला राग आला नाही, नवल वाटलं. चार ओळींवरून यांना कसं कळतं? मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, वर्षात चार कामं सोडणारा इथेही टिकत नाही, असा अंदाज. मग मी त्यांना आपलं वर्ष सांगितलं. पाऊस ओसरला की रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं. नाताळात पर्यटकांची होडी. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या. पावसात समुद्र बंद झाला की भातलावणी. मी काहीच सोडलं नव्हतं, ते ते काम संपलं होतं. मॅडम नागपूरच्या. रापणीबद्दल त्यांनी इतकं विचारलं की वेळ संपली. शेवटी हसून म्हणाल्या, "चूक आमच्या प्रश्नाची. आता बुधवारी यायची गरज नाही."

प्रीतम पार्टी मागू लागला. मला जेवण गेलं नाही.

बाय, त्यांचं कारण चुकलं होतं, पण अंदाज बरोबर होता. सोडायचा अर्ज कसा करतात, ते मी कारकुनाला विचारून आलोय. संध्याकाळची हजेरी झाली की घरी पळून यावंसं वाटतं. परत आलो तर पप्पा एका शब्दाने बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेच सोसवणार नाही. मॅडमच्या खोलीत मात्र तेवढा वेळ पळावंसं वाटायचं नाही. का, ते अजून कळलेलं नाही.

उद्या मी आपणहून त्यांच्याकडे जाणार आहे. बुधवारच्या यादीतून माझं नाव काढू नका, म्हणून सांगणार आहे. का, ते विचारतील. तेही सांगेन, अर्जासकट.

तुझा धाकटा भाऊ, आज तरी इथेच असलेला,
ब्लेझ