पडवीतला तिसरा

६ जानेवारी, आलापल्ली
पोचले एकदाची. चंद्रपूरला बसमध्ये चढताना दात वाजत होते, इथे उतरले तर लख्ख ऊन. गुणवंतराव स्वतः गाडी घेऊन आले होते. सागवानाचा धंदा मुलाकडे सोपवून आता ते मास्टिफ कुत्रे पाळतात. त्यांची मोठी चित्रं दिवाणखान्यात लावायची, म्हणून माझ्या चित्रकलेच्या वर्गातून मला हुडकून आणलंय. कुत्रे बघून हरखलेच. वासराएवढे धूड, कपाळावर आठ्या, गळ्याखाली लोंबती कातडी. स्वयंपाकाला सुगंधाबाई आहेत. त्यांच्या हातचा भात आणि झिंग्यांची भाजी पोटभर जेवले.

८ जानेवारी
सकाळभर पडवीत रेखाटनं. या जातीचा कुत्रा नुसत्या रेषेत सापडत नाही. मऊ पेन्सिल आडवी धरून आधी सावली भरायची, मग त्यातून जबडा वर काढायचा. पिवळसर दोघं सारखे हलतात. रिकाम्या वेताच्या खुर्चीजवळचा काळा मात्र फार गुणी. पंजांवर डोकं ठेवून, दाराकडे बघत पडलेला असतो. त्याच्यासाठी कोळशाची कांडी काढली. फाटका कान झकास उतरला.

१० जानेवारी
काळ्याची गंमत. माझा हात चालू असेतो दगडासारखा स्वस्थ. हात थांबला की मान वर. पुन्हा सुरू केलं की मान खाली. पिवळे दोघं आता पडवीत यायलाच तयार नाहीत. बिस्किट दाखवलं तरी पायरीखालीच उभे.

११ जानेवारी
गुणवंतरावांना चित्रं दाखवली. काळ्याचं चित्र हातात घेऊन त्यांनी फाटक्या कानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, माझ्याकडे दोनच कुत्रे आहेत. मी खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. जेवण तसंच टाकून गाडी काढली आणि मुलाकडे नागपूरला निघून गेले.

१२ जानेवारी
सुगंधाबाईंना खोदून विचारलं. तो भैरू. गुणवंतरावांच्या बायकोचा. ती वारल्यावर तिच्या खुर्चीजवळ कुणाला फिरकू देईना. गुणवंतरावांना चावला. त्यांनी त्याला तिथेच साखळीने बांधलं, अन्नपाणी तोडलं, पडवीकडचं दार लावून घेतलं. सुगंधाबाई पाणी घेऊन निघाल्या तर त्यांनाही अडवलं. आठवडाभर घरातून त्याचं ओरडणं ऐकलं म्हणे. सुगंधाबाईंना स्वतःला तो दिसत नाही.
“मरतानी कोनी त्याच्याकडं पाह्यलं नाई, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाह्यलं. आता नोका पाहू.”

१३ जानेवारी
पडवीत गेले नाही. कागद गुंडाळले, बॅग भरली. उद्या दुपारची बस. सुगंधाबाई संक्रांतीला लेकीकडे मुलचेऱ्याला गेल्या. चला म्हणत होत्या. मी नाही म्हटलं — का नाही म्हटलं?
तो खुर्चीजवळ नाही. खिडकीतून पाहिलं.
माझ्या खोलीच्या दाराशी आहे.

१४ जानेवारी, दुपार
दाराशी तो नव्हता. फाटकापर्यंत गेले. तो आडवा उभा. मागे सरले तसा पुढे — पडवीपर्यंत आणलं मला. पिवळे कुंपणाशी रडताहेत. हाका मारल्या. रस्त्यावर कुणी नाही.
खुर्चीत बसले. काढायला लागले. तो बसला.

कागद संपले. आता ही वही. लिहिलेलंही चालतं त्याला. हात चालू हवा, बस.

बस गेली. हॉर्न ऐकला.

बोटं आखडली. जरा थांबले — लगेच एक पंजा पुढे. लिहितेय. लिहितेय रे.

दाराकडे बघत नाही आता. माझ्याकडे. गुरगुरत नाही. दात नाहीत दाखवत. कुणी आपल्याला सोडून जाऊ नये एवढंच —

भैरू, बैस. बैस बाळा —

अगदी जवळ आला. माझ्या मनगटावर हनुवटी टेकवली. गार. किती गार. हात हल